सोळा दिवसांची शिकार आणि वर्षभराचा पिकअप

अमेरिकेतील मिशिगन राज्यात बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा मुख्य हंगाम परंपरेने १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. या सोळा दिवसांत डेट्रॉइट आणि परिसरातील असंख्य नोकरदार रजा टाकून उत्तरेकडील जंगलांची वाट धरतात. त्यांच्या दिमतीला असते ते वाहन बहुधा पिकअप ट्रक असते. हंगाम संपला की हाच ट्रक उरलेले साडेतीनशे दिवस कार्यालयात, मुलांच्या शाळेसमोर आणि बाजाराच्या वाहनतळावर दिसतो. जंगल आणि शहर या दोन्ही ठिकाणी चालेल असे एकच वाहन घ्यायचे, तर ते कोणते, हा तेथील मध्यमवर्गीय कुटुंबापुढचा नेहमीचा प्रश्न आहे. वरवर पाहता हा वैयक्तिक आवडीचा आणि खिशाचा मामला वाटतो. प्रत्यक्षात मात्र ग्राहकाने शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वीच त्याच्या निवडीचा मोठा भाग वॉशिंग्टनमधील कायद्यांनी ठरवून टाकलेला असतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार जवळजवळ इतिहासजमा झाली. अमेरिकेत परिस्थिती निराळी आहे. तेथे वन्यप्राणी हे जनतेच्या वतीने राज्याने सांभाळायचे धन मानले जाते. परवाना घेऊन, ठरलेल्या काळात आणि ठरलेल्या संख्येतच शिकार करता येते. बंदुका आणि काडतुसांवरील विशेष कराचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनासाठी राज्यांना देण्याची तरतूद १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने केली. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर हा कर ११ टक्के आहे. २०१६ च्या संघीय पाहणीनुसार सोळा वर्षांवरील सुमारे १ कोटी १५ लाख अमेरिकी नागरिकांनी त्या वर्षी शिकार केली होती. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास भरते. रस्त्यावर दिसणाऱ्या पिकअपची संख्या मात्र या प्रमाणाशी मुळीच जुळत नाही.

शिकारीसाठी वाहनाकडून नेमके काय हवे असते? पहिली गरज उघड्या हौद्याची. मारलेले हरीण, चिखलाने माखलेले बूट आणि ओले तंबू केबिनबाहेर राहिले पाहिजेत आणि घरी परतल्यावर हौदा पाण्याने धुता आला पाहिजे. दुसरी गरज जमिनीपासून पुरेशा उंचीची आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या यंत्रणेची. उत्तर मिशिगनमधील जंगलवाटा म्हणजे वाळूत किंवा बर्फात उमटलेल्या चाकांच्या दोन चाकोऱ्या. तेथे अत्यंत कमी वेगाचा स्वतंत्र गिअर असला तर जीव भांड्यात पडतो. तिसरी गरज बंदिस्त जागेची. मिशिगनच्या कायद्यानुसार मोटारीतून नेताना शिकारीची बंदूक रिकामी आणि आवरणात बंद असावी लागते. वजनाचा विचार केला, तर त्या भागातील पांढऱ्या शेपटीचे प्रौढ हरीण साधारण साठ ते शंभर किलोंचे असते. तीन माणसे, दोन हरणे आणि सामान यांची बेरीज पाचशे-सहाशे किलोंच्या घरात जाते. यासाठी राक्षसी ताकदीचे इंजिन लागत नाही.

रोजच्या वापराचे निकष याच्या नेमके उलट आहेत. तेथे मायलेज, वळणाची सुलभता, वाहनतळात मावणारी लांबी आणि बोनेटपुढचे दिसणे महत्त्वाचे ठरते. जंगलासाठी बसवलेले खोल नक्षीचे टायर महामार्गावर आवाज करतात आणि इंधनही जास्त खातात. जुन्या पद्धतीची फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर वापरायची नसते. ती वापरल्यास वळणावर यंत्रणेवर ताण येतो. त्यातच मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकले जाते. त्यामुळे वापरलेला ट्रक घेणाऱ्याने रंगापेक्षा खालच्या सांगाड्याचा गंज आधी तपासावा, हे तेथील साधे व्यवहारज्ञान आहे.

या दोन टोकांच्या मध्ये ग्राहकापुढे ढोबळमानाने तीन पर्याय येतात. पहिला पूर्ण आकाराचा, म्हणजे फोर्ड एफ-१५० आणि त्याचे प्रतिस्पर्धी. एफ-१५० ज्या मालिकेत मोडतो, ती एफ-सीरीज १९७७ पासून अमेरिकेतील सर्वाधिक खपाचा पिकअप म्हणून ओळखली जाते. चार दारांचा आणि साडेपाच फुटी हौद्याचा एफ-१५० सुमारे ५.९ मीटर लांब भरतो आणि फोर व्हील ड्राइव्हसह लिटरमागे साधारण आठ ते नऊ किलोमीटर धावतो. दुसरा पर्याय टोयोटा टॅकोमासारख्या मध्यम ट्रकचा. त्याची लांबी सुमारे ५.४ मीटर, मायलेज नऊ-दहा किलोमीटर आणि बांधणी जंगलासाठी मजबूत. तिसरा पर्याय फोर्ड मॅव्हरिकचा. हा मोटारीच्या सांगाड्यावर बेतलेला, सुमारे पाच मीटर लांबीचा ट्रक असून त्याची हायब्रिड आवृत्ती लिटरमागे पंधरा किलोमीटरच्या पुढे जाते. त्याचा हौदा अवघा साडेचार फुटांचा आहे, कमी वेगाचा स्वतंत्र गिअर नाही आणि हायब्रिड इंजिनासोबत चारही चाकांची शक्ती २०२५ च्या मॉडेलपासूनच मिळू लागली.

येथे एक बाब जाहिरातीत ठळकपणे सांगितली जात नाही. ट्रक किती ओझे वाहू शकतो, याचा खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर असतो आणि त्या आकड्यात माणसांचे वजनही धरलेले असते. मोठी केबिन, चामड्याची आसने, काचेचे छत अशी चैन वाढत गेली की हा आकडा घटत जातो. त्यामुळे मॅव्हरिकची सुमारे ६८० किलोंची क्षमता टॅकोमाच्या काही आवृत्त्यांना मागे टाकते. आकार मोठा म्हणजे उपयोग मोठा, हे समीकरण पिकअपच्या बाबतीत सरसकट खरे नाही.

मग बाजारात मोठ्या ट्रकचेच राज्य का? याची मुळे साठ वर्षे मागे जातात. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर जबर शुल्क बसवले, त्याला प्रत्युत्तर म्हणून अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या प्रशासनाने १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लागू केले. 'कोंबडी कर' या नावाने ओळखले जाणारे हे शुल्क आजही कायम आहे. मोटारींवरील शुल्क मात्र दीर्घकाळ केवळ अडीच टक्के होते. परिणामी जगभर विकले जाणारे छोटे, काटक पिकअप अमेरिकेत पोहोचू शकले नाहीत आणि देशी कंपन्यांना या क्षेत्रात भक्कम तटबंदी मिळाली.

दुसरे कारण इंधनाच्या मानकांचे. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये मायलेजचा कायदा झाला. त्यात हलक्या ट्रकसाठी वेगळी आणि सौम्य मर्यादा ठेवण्यात आली. १९९६ ते २००४ या काळात मोटारींना गॅलनमागे २७.५ मैलांचे बंधन होते, तर ट्रकना २०.७ मैलांचे. पुढच्या दशकातील नियमांत तर चाकांमधील क्षेत्रफळ जितके अधिक, तितके लक्ष्य सोपे अशी रचना आली. तिसरे कारण प्राप्तिकराचे. भारासह एकूण वजन सहा हजार पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे २७०० किलोंपेक्षा जास्त असलेले वाहन व्यवसायासाठी घेतल्यास किमतीचा मोठा भाग पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येतो. मॅव्हरिकसारखा हलका ट्रक या मर्यादेच्या खाली राहतो. छोटा सुतार किंवा गवंडी, जो हौशी शिकारीही असतो, तो या सवलतीमुळे मोठ्या ट्रककडे झुकला, तर त्याला दोष देता येत नाही.

या धोरणांचे फलित समोर आहे. फोर्डने आपला छोटा रेंजर ट्रक २०११ मध्ये अमेरिकेत बंद केला आणि २०१९ च्या मॉडेलपासून तो आणला, तेव्हा तो आकाराने वाढलेला होता. एकेकाळी दोन दारे आणि आठ फुटी हौदा हे पिकअपचे रूप होते. आता चार दारे आणि साडेपाच फुटी हौदा हे रूढ झाले आहे. स्ट्रॅटेजिक व्हिजन या संस्थेच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार सुमारे ७५ टक्के पिकअपमालक वर्षातून एकदा किंवा तेवढ्याही वेळा मागे काही ओढून नेत नाहीत, सुमारे ७० टक्क्यांचे रस्ता सोडून जाणेही असेच आणि ३५ टक्के लोक हौद्याचा वापरही वर्षातून फार तर एकदा करतात.

या आकाराची किंमत केवळ मालक मोजत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ४१०० पादचारी वाहनांच्या धडकेत मरण पावले होते. २०२२ मध्ये ही संख्या साडेसात हजारांवर गेली. यामागे अनेक कारणे आहेत. तथापि 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी'ने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासात, ४० इंचांपेक्षा उंच बोनेट असलेल्या वाहनाची धडक बसल्यास पादचारी दगावण्याची शक्यता कमी उंचीच्या आणि उतरत्या बोनेटच्या वाहनांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. जंगलात सोळा दिवस उपयोगी पडणारी उंची शाळेच्या फाटकासमोर वर्षभर धोक्याची ठरते, असा याचा सरळ अर्थ आहे.

२०२५ मधील निर्णयांनी हा कल आणखी पक्का केला. जुलैमध्ये मंजूर झालेल्या करकायद्याने मायलेजची मानके न पाळल्याबद्दलचा दंड शून्यावर आणला आणि व्यावसायिक वाहनाची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करण्याची सवलत पुन्हा दिली. इलेक्ट्रिक वाहनावरील साडेसात हजार डॉलरची करसवलत सप्टेंबरअखेर संपली. त्याच महिन्यात नव्या वाहनाची सरासरी किंमत प्रथमच ५० हजार डॉलरच्या पुढे गेली. डिसेंबरमध्ये फोर्डने एफ-१५० लाइटनिंग या पूर्णपणे इलेक्ट्रिक ट्रकचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले.

ग्राहकांनाच मोठे ट्रक हवे आहेत, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. तो सर्वस्वी खोटा नाही. प्रशस्त केबिन कुटुंबाला आवडते. परंतु २०२१ मध्ये वीस हजार डॉलरपेक्षा किंचित कमी किमतीत मॅव्हरिक जाहीर झाला, तेव्हा काही महिन्यांतच त्याच्या हायब्रिडची नोंदणी थांबवावी लागली. पंचवीस वर्षांहून जुने चिमुकले जपानी ट्रक मागवून घेणारे अमेरिकी शेतकरी आणि शिकारीही वाढले आहेत. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि टेक्सास या राज्यांना अशा ट्रकच्या नोंदणीवरील बंदी लोकांच्या रेट्यामुळे मागे घ्यावी लागली. छोट्याची मागणी आहे, पुरवठ्याची वाट अडलेली आहे.

ही गोष्ट भारतीय वाचकाला अपरिचित वाटू नये. २००६ मध्ये चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या मोटारींना अबकारी करात सवलत मिळाली आणि डिकी कापलेल्या सेडानपासून छोट्या एसयूव्हीपर्यंत एक नवी जमातच रस्त्यावर आली. सरकारने आखलेल्या रेषेप्रमाणे वाहनाचा आकार बदलतो, हे दोन्हीकडे सारखेच. फरक इतकाच, की आपल्याकडील रेषेने वाहने लहान केली आणि तिकडच्या रेषेने मोठी. मुंबईच्या महिंद्र अँड महिंद्रनेही २०१० च्या सुमारास अमेरिकेत डिझेल पिकअप विकण्याची तयारी केली होती. पण वितरकाशी झालेला करार वादात तुटला आणि तो ट्रक तेथील शोरूमपर्यंत पोहोचलाच नाही.

तेव्हा मिशिगनच्या शिकाऱ्याने काय घ्यावे? ज्याला दरवर्षी दूरच्या, अवघड जंगलात जायचे आहे आणि मागे बोट किंवा तंबूगाडी ओढायची आहे, त्याला मध्यम किंवा पूर्ण आकाराचा ट्रक घेण्यावाचून पर्याय नाही. ज्याची शिकार पक्क्या जंगलरस्त्याच्या कडेला आणि वर्षातून दोन-तीन शनिवार-रविवारी होते, त्याला चारही चाकांची शक्ती असलेला छोटा हायब्रिड पुरेसा आहे. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने साध्या मोटारीमागे भाड्याची छोटी ट्रॉली जोडली, तरी हरीण घरी येते. हिशेब सोळा दिवसांचा करायचा की साडेतीनशे दिवसांचा, हे ग्राहकाला ठरवता येते. मात्र कायद्याने मोठ्या ट्रकच्या बाजूला वजन टाकलेल्या तराजूत तो हा हिशेब करतो आहे, याचे भान त्याने ठेवलेले बरे.