वाडे राहिले, कैद्यांच्या झोपड्यांचे काय?

सिडनीहून पश्चिमेला जाणाऱ्या गाडीने पॅरामाटा सोडले की दुसरे स्थानक वेंटवर्थव्हिल. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आप्तेष्टांमुळे हे नाव आपल्या बेटावरच्या बऱ्याच घरांत ऐकू येऊ लागले आहे. आज तिथे भारतीय दुकाने व मजल्यावर मजले चढणाऱ्या इमारती दिसतात. पण जुन्या कंबरलंड परगण्याचा हा भाग एके काळी निव्वळ शेतीचा होता, आणि ती शेती कोणी केली हा प्रश्न तिथे सध्या जमिनीच्या किमतीइतकाच महत्त्वाचा मानायला हवा.

जवळच्या पॅरामाटात जॉन मॅकार्थर यांचे एलिझाबेथ फार्म हे 1793 साली बांधलेले घर आहे. 1799 चे गव्हर्नमेंट हाउस ऑस्ट्रेलियातील इतर कैदी-स्थळांबरोबर 2010 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. दोन्ही वास्तूंची निगा उत्तम राखली जाते. ही घरे मात्र गव्हर्नरांची व जमीनदारांची. राबणाऱ्यांचे काय उरले हे पाहायचे तर वेंटवर्थव्हिलच्या उत्तरेला टूंगॅबीच्या ओढ्याकाठी जावे लागते. दारुग लोकांच्या या भूमीवर 1791 साली सरकारी शेत काढण्यात आले. शेकडो कैद्यांनी नांगराशिवाय, हातातल्या कुदळींनी तिथली जमीन फोडली. उपासमारीने व रोगाने अनेकजण मेले. त्या शेताची जागा राज्याच्या वारसा यादीत आहे, पण पाहणाऱ्याला दिसते ते गवत आणि झाडे. जे काही आहे ते मातीखाली.

आपल्या वाचकांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाचा मूळ पसारा आज अर्धादेखील शिल्लक नाही, तरी त्या सोळा पायऱ्या 2006 साली जगाने मान्य केल्या. शिवाय या दोन ठिकाणांचे नाते निव्वळ साम्याचे नाही. मॉरिशसच्या न्यायालयांनी शिक्षा दिलेल्या गुलामांना व हिंदी मजुरांना एकोणिसाव्या शतकात न्यू साउथ वेल्सला पाठवले जाई. 1834 साली तर मालकिणीला विष घालण्याच्या आरोपावरून दोन अल्पवयीन गुलाम मुली तिकडे धाडल्या गेल्या. तेव्हा त्या वसाहतीच्या मातीत आपल्या बेटाच्याही काही खुणा असणे शक्य आहे.

न्यू साउथ वेल्समध्ये 1977 चा वारसा कायदा आहे. महत्त्वाचे अवशेष असण्याचा संभव असेल तिथे परवान्याशिवाय खणता येत नाही. ऐकायला हे भक्कम वाटते. प्रत्यक्षात बहुधा असे घडते: पुरातत्त्वज्ञ खणतात, मोजतात, छायाचित्रे घेतात, वस्तू पेट्यांत भरतात, आणि मग पाया खोदला जातो. अवशेष कागदावर राहतात, जागा जाते. याला अपवादही आहे. पॅरामाटात 45 मॅक्वारी स्ट्रीट येथील उत्तुंग इमारतीच्या तळमजल्यावर कैद्याच्या झोपडीचे व जुन्या खाणावळीच्या तळघराचे अवशेष जागच्या जागी ठेवून लोकांना दाखवले आहेत. म्हणजे इमारतही उभी राहते आणि झोपडीही. बिल्डर बुडत नाही.

उलट उदाहरण विलो ग्रोव्हचे. पॅरामाटाची ही एकोणिसाव्या शतकातील हवेली पुढे प्रसूतिगृह झाली. गावातल्या कितीतरी जणांचा जन्म तिथला. नव्या पॉवरहाउस संग्रहालयासाठी ती हटवायचे ठरले, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले, कामगार संघटनेने तिथे काम न करण्याची हाक दिली. 2021 साली न्यायालयात हार झाली आणि वास्तू उतरवण्यात आली. दुसरीकडे पुन्हा उभारू, असे सरकारचे म्हणणे होते. संग्रहालय उभारण्यासाठी जुनी वास्तू पाडावी, हा तर्क प्रस्तुत लेखकाला अजून उमगलेला नाही!

एवढा ठळक वाडा, एवढा गाजावाजा, तरी तो वाचला नाही. मग गवताखालच्या झोपडीसाठी कोण उभे राहणार? 2024 पासून राज्य सरकारने अनेक रेल्वे स्थानकांच्या परिसरात दाट वस्तीला मोकळीक दिली आहे. घरे हवीतच, नव्याने गेलेल्या आपल्या मुलांनाही ती हवीत. परंतु खाली काय आहे याची तपासणी आराखडा पक्का झाल्यावर न करता जमीन विकत घेतानाच झाली, तर 45 मॅक्वारी स्ट्रीटसारखी सोय मूळ नकाशातच करता येईल. नंतर प्रत्येक दगड हा खर्च वाटतो. नगरपालिका बांधकामाचे अर्ज हरकतींसाठी जाहीर करते, आणि हरकत नोंदवायला तिथे जन्मलेले असावे लागत नाही.