भिंत ऐकते, तापिया ऐकत नाही

आमच्या घरात दोन भाषा आधीपासूनच नांदतात. आम्ही मराठी, सुनेचं माहेर धारवाडचं, कानडी. नात दोन्ही बोलते आणि आम्हाला अज्जा-अज्जी म्हणते. यंदा तिने कॉलेजात स्पॅनिश घेतलं, तेव्हा तिसरी पाहुणीही आली.

परवा रात्री जेवताना तिने अज्जाला तीनदा विचारलं, ताक हवं का? आमच्या ह्यांना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही, तेव्हा ती म्हणाली, "अज्जा म्हणजे अगदी तापिया!" तिने अर्थ सांगितला आणि सगळे हसले. सगळे हसताहेत म्हणून हेही हसले. मला मात्र घास गिळवेना.

जेवणं झाल्यावर तिला जवळ बसवलं. म्हटलं, "शब्द वापरलास ना, आता पुरता सांग."

तापिया म्हणजे माती ठोकून उभी केलेली भिंत. दोन फळ्या समोरासमोर उभ्या करायच्या, आडव्या काठ्यांनी पक्क्या करायच्या. हा साचा म्हणजे तापियाल. त्यात दमट मातीचा थर टाकायचा, धुमसाने ठोकून घट्ट करायचा, मग पुढचा थर. साचा भरला की फळ्या काढून पुढे लावायच्या. एका साच्यातून निघालेला तुकडा तो तापिया, आणि अशा तुकड्यांची अख्खी भिंत तीही तापियाच. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटेला तिकडे आदोबे म्हणतात. तो शब्द अरबीतून आला. ग्रानादाचा अलहाम्ब्रा किल्ला, ज्याचं काम तेराव्या शतकात सुरू झालं, त्याच्या तटबंदीत अशी ठोकलेली माती आहे. साच्याच्या काठ्यांची भोकं अशा जुन्या भिंतींवर ओळीने दिसतात.

आता माती मागे पडली, शब्द राहिला. आवाराची भिंत विटांची असली तरी ती तापिया. दार-खिडकी बांधकामाने बुजवणं म्हणजे तापियार. आणि ठार बहिऱ्या माणसाला म्हणतात, 'सोर्दो कोमो उना तापिया', तापियासारखा बहिरा. जाड, भरीव मातीची भिंत. पलीकडचा आवाज अलीकडे येईल कसा?

मी म्हटलं, "अगं, आपल्याकडे तर भिंतींना कान असतात!" सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "आमच्याकडेही. गोडेगू किवि इदे." नातीने पुस्तक चाळलं आणि हसली. स्पॅनिशमध्येही भिंती ऐकतात, 'लास पारेदेस ओयेन'. सतराव्या शतकात हुआन रुइस दे आलार्कोन या नाटककाराने आपल्या एका नाटकाला हेच नाव दिलं. पण ऐकते ती 'पारेद', घराची भिंत. बहिरी ती तापिया. तीन भाषांत भिंत ऐकते, आणि त्यातल्याच एका भाषेत ती बहिरीही आहे. गंमत आहे की नाही?

मग मी तिला एवढंच म्हटलं, "अज्जा हसले, ते शब्द कळला म्हणून नाही. आपण एकटे पडू नये म्हणून हसले." ती काही बोलली नाही.

वाचकहो, चूक तिची एकटीची नाही. आम्हीही पाठीमागून, दुसऱ्या खोलीतून हाका मारतो आणि उत्तर आलं नाही की आवाज चढवतो. ओरडण्याने शब्द स्पष्ट होत नाही, फक्त रागावल्यासारखा वाटतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं की पुष्कळ पोचतं. आणि कान तपासून घेणं तर आम्ही चार वर्षं 'बघू' म्हणत लांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना नात उठून ह्यांच्या समोर जाऊन बसली. हळू विचारलं, "अज्जा, मज्जिगे बेका?"

"अर्धं भांडं दे," हे म्हणाले. "आणि मीठ घाल."

येत्या सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं आहे. बरोबर नात येते म्हणाली आहे.