पाहुण्याची कमाई, सागरतळाची किंमत

१९८९ साली नॉर्वेच्या ईशान्य टोकावरील बुगॉयनेस या कोळ्यांच्या गावाने वृत्तपत्रात जाहिरात दिली. अख्खे गाव स्थलांतरास सिद्ध आहे, कोणी आश्रय देईल काय? मासळी आटली होती, हाताला काम उरले नव्हते. पुढे तेच गाव सावरले ते एका परक्या खेकड्याच्या आधाराने!

हा लाल 'किंग क्रॅब' मूळचा उत्तर पॅसिफिकचा. १९६०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो मुर्मान्स्कच्या किनाऱ्यावर सोडला. समुद्राला सरहद्द ठाऊक नसते; १९७७मध्ये तो नॉर्वेच्या पाण्यात सापडला. प्रारंभी तो उपद्रवच ठरला. कॉड माशांसाठी लावलेल्या जाळ्यांत तो अडके, जाळी फाटत. पुढे त्याला जगाच्या बाजारात मोठा भाव मिळाला आणि २००२पासून नॉर्वेत त्याची व्यावसायिक मासेमारी सुरू झाली. त्यात छोट्या नौकांच्या स्थानिक कोळ्यांना वाटा मिळाला, हे विशेष.

मग या पाहुण्याचे केवळ स्वागतच करावे काय? त्याची भूकही लक्षात घ्यावी लागेल. शिंपले, तारामासे, कृमी असे तळावरचे जीव तो फस्त करतो. गाळ उकरून खालपर्यंत प्राणवायू पोहोचविणारे कृमी वारांगर फियोर्डमध्ये घटल्याचे अभ्यासकांना आढळले. या हानीची नोंद बाजाराच्या हिशेबवहीत होत नाही.

नॉर्वेने मध्यममार्ग स्वीकारला. २६ अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेस ठरावीक कोटा, पश्चिमेस मुक्त शिकार. एकीकडे रोजगार राखायचा, दुसरीकडे प्रसार रोखायचा. परंतु यातील पेच उघड आहे. ज्याच्यावर चूल पेटते, त्याचा समूळ नायनाट कोणता कोळी मनापासून करील? परका जीव एकदा पोटापाण्याशी जोडला गेला की त्याला परत पाठविण्याची वाट बंद होते.

भारतानेही २००९ साली पॅसिफिकमधील व्हॅनामी कोळंबीच्या शेतीस परवानगी दिली. ती तळ्यांत वाढविली जाते आणि तिचे प्रजनक चेन्नईत विलगीकरणात तपासले जातात. ही शिस्त कोणाला जाचक वाटेल. पण तिचे मोल बुगॉयनेसच्या कथेतून कळते. तेथील कोळ्यांना दोष देता येणार नाही. त्यांनी संकटातून उपजीविका उभी केली. दोष आहे तो परिणामांचा विचार न करता समुद्रात जीव सोडणाऱ्या बुद्धीचा. सागरात सोडलेले परत वेचता येत नाही. म्हणून विचार आधीच करावा.