बातमी लावा की, दादा

पोस्ट लांब आहे. वेळ असेल तरच वाचा. मध्येच सोडून कमेंटमध्ये भांडू नका एवढीच विनंती.

काल रविवार, जोतिबाचा वार. डोंगरावर गर्दी तुफान. दुपारी देवळाच्या पायऱ्यांपासून जरा लांब, चहाच्या गाड्यावर टेकलो होतो. तेवढ्यात एक पोरगं समोर येऊन उभं राहिलं. वय एकोणीस-वीस, केसांत गुलाल, हातात मोबाईल. "दादा, तुम्ही पेपरवाले न्हवं? माझी बातमी लावा की."

मोबाईलवर रील होतं. केर्लीकडून वर येणाऱ्या घाटात रात्री गाडी मारतोय, वळणावर टायर किंचाळतायत, मागं गाणं, आणि खाली लिहिलंय, 'नेक्स्ट स्टॉप ल माँ'. त्याच्या आधी त्यानं अजित कुमारचं रील शेअर केलेलं. तमिळ नट अजित. जानेवारी २०२५ मध्ये दुबईच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या टीमनं आपल्या गटात तिसरा नंबर काढला आणि तो तिरंगा घेऊन नाचला, ते. आपल्याकडं प्रत्येक ग्रुपवर फिरलं होतं.

पोराला "बघू" म्हटलं आणि चहा पाजून लावून दिलं. पण डोक्यातून गेलं नाही. कारण अशी एक बातमी मी आधी लावलेली आहे.

आठेक वर्षं झाली. डोंगरावरच्याच एका नारळ-गुलालाच्या दुकानदाराचा मुलगा. नाव लिहीत नाही, गरज नाही. कार्टिंगमध्ये खरंच चांगला होता. आपल्या कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथं झाल्यात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. तिथं हा पोरगा घड्याळात दिसायचा. मी चार कॉलम लिहिलं. हेडिंग माझंच होतं, 'जोतिबाच्या डोंगरावरून ल माँकडे'. लय भारी वाटलं होतं तेव्हा. त्याच्या वडिलांनी कात्रण फ्रेम करून दुकानात देवाच्या फोटोशेजारी लावलं.

त्या चार कॉलमांत एक आकडा नव्हता. शर्यतीला खर्च किती, तो कोण करतं, पुढच्या वर्षी कोण करणार, काही नाही. वडिलांनी बातमी वाचून हिय्या केला. आधी गावाकडची काही गुंठे जमीन गेली, मग पतसंस्थेचं कर्ज. पोरगा दोन मोसम पळाला, वाईट पळाला नाही. तिसऱ्या वर्षी पैसे संपले आणि विषय संपला. गाडी हळू झाली म्हणून नाही. आता तो शिरोलीकडं एका गॅरेजात काम करतो. काम चोख आहे त्याचं. कर्ज अजून फिटतंय.

म्हणून या वेळी बातमीच्या आधी हा हिशोब लिहितोय.

या धंद्यात, आणि तो धंदाच आहे, ड्रायव्हर तीन प्रकारचे. पहिले, ज्यांना कंपनी पगार देते. पोर्शे, टोयोटा, फेरारी यांचे ड्रायव्हर. जगभरात मोजकेच. दुसरे, ज्यांना एखादा पैसेवाला हौशी ड्रायव्हर स्वतःच्या गाडीत जोडीदार आणि मास्तर म्हणून ठेवून घेतो. आणि तिसरे, सगळ्यात जास्त, जे स्वतः पैसे आणून गाडीतली जागा विकत घेतात. तिला 'सीट' म्हणतात. बातमीत आपण "अमक्याची निवड" असं लिहितो. बऱ्याचदा ती निवड नसते, खरेदी असते.

हे लपूनछपून चालत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघ ड्रायव्हरांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा पायऱ्या लावतो. जागतिक एन्ड्युरन्स मालिकेत २०२४ पासून जो जीटी३ गाड्यांचा गट आहे, त्यात प्रत्येक गाडीत निदान एक ब्राँझ ड्रायव्हर हवाच असा नियम आहे. ब्राँझ म्हणजे बहुतेक वेळा उद्योजक, डॉक्टर, वकील. पन्नाशीतला, हौशी, आणि बिल भरणारा. बैलगाडी शर्यतीत बॅनरवर बैलमालकाचं नाव मोठं आणि हाकणाऱ्याचं बारीक, तसंच. मला त्यात गैर काही वाटत नाही. मालक नसेल तर शर्यतच नाही. पण हाकणाऱ्याच्या बापाला हे आधी माहीत पाहिजे.

आता ल माँ. फ्रान्समधलं गाव, शर्यत १९२३ पासूनची. एक फेरी साडेतेरा किलोमीटरच्या वर, म्हणजे कोल्हापुरातून निघून डोंगराच्या बऱ्याच जवळ आलो असं धरा. तेवढं अंतर सगळ्यात वेगवान गाड्या साडेतीन मिनिटांच्या आसपास कापतात. असं चोवीस तास. गाडीत आळीपाळीनं तिघं. एका ड्रायव्हरला एकूण चौदा तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही, आणि कुठल्याही सहा तासांत चारपेक्षा जास्त नाही. बाकीचा वेळ झोप, मालीश, खाणं, आणि आपली गाडी दुसऱ्यानं ठोकू नये म्हणून देवाचा धावा.

यात नुसता वेग कामाचा नाही. टायर जपायचे, इंधन पुरवायचं, रात्री तीन वाजता आपल्यापेक्षा हळू गटातल्या गाड्यांमधून वाट काढायची, आणि गाडी जशी मिळाली तशी पुढच्याच्या हातात द्यायची. म्हणून यात माणूस लवकर म्हातारा होत नाही. डेन्मार्कचा टॉम क्रिस्टेन्सन ही शर्यत नऊ वेळा जिंकला, शेवटची २०१३ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी. माझ्या वयाचा होता तेव्हा. (मला आता डोंगराच्या पायऱ्या चढताना धाप लागते, ते सोडा.) पहिली जिंकला १९९७ मध्ये, आणि त्या गाडीत त्याला शर्यतीच्या काही दिवस आधीच बोलावलं होतं. नशीब असं.

आणि नशीब उलटं फिरलं तर काय? आपल्याच नारायण कार्तिकेयनचं उदाहरण आहे. २००९ साली ल माँला कोलेस टीमच्या ऑडीत तिघं होते. नारायण, चार्ल्स झ्वोल्समन आणि आंद्रे लोटरर. शर्यत सुरू होण्याआधी पिटची भिंत ओलांडताना नारायण पडला, खांदा निखळला. डॉक्टरांनी बसू दिलं नाही. उरलेल्या दोघांनी चोवीस तास गाडी ओढली आणि सातवा नंबर आणला. ती कामगिरी लोकांच्या नजरेत भरली, पुढच्या वर्षी लोटरर थेट ऑडीच्या कंपनी टीममध्ये गेला, आणि २०११, २०१२, २०१४ अशी तीनदा ल माँ जिंकला. एक उडी चुकली नसती तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण ल माँला सुरुवात करणारा पहिला भारतीय नारायण नाही झाला. तो मान २०१२ मध्ये करुण चंडोकला मिळाला. डेव्हिड ब्रॅबम आणि पीटर डम्ब्रेकबरोबर एकंदरीत सहावा.

करुणचं पुढचं वर्ष तर मला अख्ख्या धंद्याचं चित्र वाटतं. २०१३, मर्फी प्रोटोटाइप्सची गाडी. एक सीट करुणची. दुसरी मार्क पॅटरसनची, साठीला आलेला उद्योजक माणूस, हौशी. तिसरी ब्रेंडन हार्टलीची, न्यूझीलंडचा पोरगा, ज्याला रेड बुलनं २०१० मध्येच नारळ दिलेला. हार्टली २०१४ मध्ये पोर्शेत गेला, चारदा जगज्जेता झाला आणि ल माँ तीनदा जिंकला. करुण आणखी काही वर्षं ल माँ पळाला आणि आज आपण त्याला टीव्हीवर फॉर्म्युला वनचा जाणकार म्हणून बघतो. एकाच गाडीतल्या तिघांच्या तीन वाटा. गाडी चालवता येत नव्हती असं त्यांच्यातल्या कुणाबद्दलच म्हणता येणार नाही.

आता घर बघा. नारायणचे वडील जी. आर. कार्तिकेयन रॅली चालवायचे. करुणचे वडील विकी चंडोकही रॅलीपटू, आणि देशाच्या मोटर स्पोर्ट्स महासंघाचे अध्यक्ष राहिलेले. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटनच्या फॉर्म्युला थ्री मालिकेत उतरला, ध्रुव मोहितेनं फोक्सवॅगनच्या कप शर्यतींत नाव कमावलं. दोघांच्या घरी ऐपत होती. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. ऐपत असलेली शेकडो घरं कोल्हापुरात आहेत आणि त्यांची पोरं फक्त ताराबाई पार्कात हॉर्न वाजवतात. या दोघांनी हेल्मेट घालून ट्रॅकवर घाम गाळला, त्याचं कौतुकच आहे. पण नारळाच्या दुकानातल्या पोराला त्यांचं उदाहरण देताना मधली पायरी कुठली ते सांगावं लागेल. मी सांगितली नाही, कारण ती नव्हतीच.

पायरी असली की काय होतं हेही कोल्हापूरनंच दाखवलंय. नेमबाजी काय स्वस्त खेळ आहे? रायफल, गोळ्या, जॅकेट, सगळं महाग. तरी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला गेला आणि १ ऑगस्ट २०२४ ला ब्राँझ घेऊन आला. मधे क्रीडा प्रबोधिनी होती, रेल्वेतली नोकरी होती. घरच्यांनी खस्ता खाल्ल्याच, पण धरायला दोरी होती. गाडीच्या शर्यतीत अशी दोरी नाही. खेळ म्हणून मान्यता नाही असंही नाही. नारायणला २०१० मध्ये पद्मश्री मिळाली, रॅलीपटू गौरव गिलला २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. शिखरावर पोचलेल्याला शाल-श्रीफळ आहे, पायथ्याला उभा आहे त्याला काही नाही.

काही जण म्हणतील, श्रीमंतांचा खेळ आहे, सरकारनं त्यात कशाला पडायचं, आधी तालमींची गळकी छपरं बघा. मुद्दा बरोबर आहे. मीही सरकारी तिजोरीतून कुणाची परदेशातली सीट घ्या म्हणत नाही. मी कोईम्बतूरकडं बघा म्हणतोय. फाउंड्री, पंप, मशीन शॉप. गाव तसं आपल्यासारखंच. तिथं एस. करिवर्धन नावाचा माणूस होता, गिरणीवाल्या घरातला. १९८० च्या दशकात त्यानं मारुती ८०० चं इंजिन घेऊन छोट्या, परवडणाऱ्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या. फॉर्म्युला मारुती. परदेशी गाडीच्या मानानं खर्च किती तरी कमी, आणि सगळ्यांची गाडी सारखी, त्यामुळं पैशापेक्षा हात दिसायचा. नारायणची सुरुवात त्याच गाडीतून झाली. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, आज तिथला ट्रॅक त्यांच्या नावानं आहे.

आमच्या शिरोली-गोकुळ शिरगावात देशभरातल्या गाड्यांचे भाग ओतले जातात. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर निघते तेव्हा गाडी बघायला अख्खं शहर लोटतं. ट्रॅक आहे, कारागीर आहेत, नाद तर आहेच. पाच-सहा उद्योजकांनी मिळून वर्षाला चार पोरांचा कार्टिंगचा खर्च उचलला, निवड घड्याळावर केली, आडनावावर नाही, तर ते अशक्य आहे का? गणपतीच्या एका मिरवणुकीतल्या डॉल्बीचं बिल आठवा आणि मग उत्तर द्या.

एवढं लिहून परत घाटावर येतो, कारण तेच जास्त तातडीचं आहे. त्या रस्त्यावरनं रात्री माणसं पायी वर येतात. चैत्र यात्रेत तर सासनकाठ्या घेऊन, पोराबाळांसह. तिथं गाडी मारणं हा सराव नाही. ल माँला तुझ्यापेक्षा हळू जाणाऱ्याला जागा देऊन, त्याला धक्का न लावता पुढं जायचं असतं, सारं कसब त्यातच आहे. घाटातलं रील बघून कुठलीही टीम बोलावणार नाही. पोलीस बोलावतील, आणि बोलवावंच.

काल संध्याकाळी त्या जुन्या दुकानात गेलो होतो. बऱ्याच दिवसांनी. मालकांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. मी म्हटलं, "तात्या, एक पोरगं आलतं, रेसिंगची बातमी लावा म्हणत होतं." त्यांनी नारळ सोलता सोलता विचारलं, "बाप काय करतो त्याचा?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आठ वर्षांनी परत तेच. तात्या काही बोलले नाहीत. फ्रेम अजून तिथंच आहे, काचेवर गुलाल बसलाय त्यामुळं हेडिंग वाचता येत नाही.

रात्री त्या पोराला मेसेज केला. घाटातली रील काढ, पुढच्या रविवारी ये, येताना वडिलांना घेऊन ये आणि एक वही आण. गॅरेजातल्या आपल्या जुन्या ड्रायव्हरलाही बोलावलंय, कुठल्या शर्यतीला किती लागले ते त्याला पैशासकट पाठ आहे. तो यायला तयार आहे. पोराचा रिप्लाय आलाय, "ओके दादा. पन बातमी?"

वही भरली की बघू.