अहमद पटेल : सगळ्यांची मतं जुळवणाऱ्या माणसाला स्वतःसाठी ४४ मतं जुळवताना घाम का फुटला?

८ ऑगस्ट २०१७. गुजरातमधल्या राज्यसभेच्या तीन जागांसाठी गांधीनगरला मतदान पार पडलं होतं. संध्याकाळी मतमोजणी सुरू व्हायची होती, ती सुरूच होईना. तिकडे दिल्लीत केंद्रीय मंत्री आणि काँग्रेसचे नेते आळीपाळीने निवडणूक आयोगाच्या पायऱ्या चढत होते. वाद होता फक्त दोन मतांचा. रात्री साडेअकरानंतर आयोगाचा निर्णय आला आणि निकाल लागेपर्यंत पहाटेचे दोन वाजत आले.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होतो. राज्यसभेची निवडणूक मॅचसारखी जागून बघणारी आमची बहुधा पहिलीच पिढी. पण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते अहमद पटेल कोण, हे आमच्यापैकी निम्म्या मुलांना माहीत नव्हतं. ते मंत्री नव्हते, कधी मुख्यमंत्री झाले नव्हते, त्यांच्या सभा गाजल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तरीही भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष अमित शाह त्यांचा पराभव करण्यासाठी जातीने मैदानात उतरले होते.

आधी गणित समजून घेऊया

गुजरात विधानसभेत आमदार १८२. त्यात काँग्रेसचे ५७. एक जागा जिंकायला साधारण ४५ ते ४६ मतं लागतात, म्हणजे पटेलांची जागा पक्की होती. मग जुलैच्या शेवटी शंकरसिंह वाघेलांनी काँग्रेस सोडली आणि पाठोपाठ सहा आमदारांनी राजीनामे दिले. त्यातले बलवंतसिंह राजपूत हे काँग्रेसचे विधानसभेतले मुख्य प्रतोद. आमदारांना व्हिप बजावणं हे ज्यांचं काम, तेच पटेलांच्या विरोधात भाजपचे उमेदवार म्हणून उभे राहिले.

उरलेल्यांपैकी ४४ आमदारांना काँग्रेसने बंगळुरूजवळच्या एका रिसॉर्टमध्ये नेऊन ठेवलं. त्याच दिवसांत गुजरातच्या बनासकांठ्यात पूर आला होता, त्यामुळे टीकाही भरपूर झाली. आमदारांची व्यवस्था पाहणारे कर्नाटकचे मंत्री डी. के. शिवकुमार यांच्या ठिकाणांवर २ ऑगस्टला आयकर विभागाने छापे घातले.

मतदानाच्या दिवशी १७६ आमदारांनी मतं टाकली. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते, दुसऱ्या कुणाला दाखवली की मत बाद. काँग्रेसच्या दोन बंडखोरांनी ती नको त्या माणसांना दाखवली, ते कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि आयोगाने दोन्ही मतं रद्द केली.

एकापेक्षा जास्त जागा असल्या की प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात. एकूण मूल्याला जागांपेक्षा एकाने जास्त अशा आकड्याने भागायचं आणि त्यात एक मिळवायचा, हा झाला कोटा. १७६ मतांवर कोटा येतो ४,४०१. दोन मतं बाद झाल्यावर १७४ मतांवर तो ४,३५१ झाला. पटेलांना मतं मिळाली ४४, म्हणजे ४,४००. अमित शाह आणि स्मृती इराणी यांना प्रत्येकी ४६, राजपूत यांना ३८.

म्हणजे ती दोन मतं धरली गेली असती तर पटेल कोट्याला एका अंकाने कमी पडले असते. त्या रात्री वाहिन्यांवर हेच सांगत होते आणि ते चूक नव्हतं. मी हे नंतर कागदावर मांडून पाहिलं (सवय जात नाही). बाद झालेली दोन्ही मतं भाजपच्या पदरात पडली असं धरलं, तर भाजपची १३२ मतं म्हणजे १३,२०० मूल्य. शाह आणि इराणी यांच्या कोट्याचं ८,८०२ वजा केलं, तर तिसऱ्या उमेदवाराला जास्तीत जास्त उरतं ४,३९८. पटेल ४,४००. दोन अंकांनी तरीही पुढे. मोजणी सुरूच झाली नसल्यामुळे हे त्या रात्री दोन्ही बाजूंना कळायचा मार्ग नव्हता. पण आणखी एक आमदार, फक्त एक, फुटला असता तर पटेल दोन्ही हिशेबांत पडले असते.

ज्या माणसाने सोळा वर्षं देशभरातल्या आमदार-खासदारांची गणितं जुळवली, त्याच्यावर घरच्या राज्यात ही वेळ का आली? पटेलांच्या सगळ्या कारकिर्दीचं मर्म मला या प्रश्नात दिसतं.

पिरामणचा मुलगा ते दिल्लीचा दरवाजा

अहमद पटेल यांचा जन्म २१ ऑगस्ट १९४९ चा, भरूच जिल्ह्यात अंकलेश्वरजवळच्या पिरामण गावचा. १९७७ साली आणीबाणीनंतर काँग्रेस देशभर कोसळली, खुद्द इंदिरा गांधी हरल्या. त्या निवडणुकीत हे तिशीच्या आतले पटेल भरूचमधून लोकसभेवर निवडून आले. १९८० आणि १९८४ मध्येही जिंकले. १९८५ मध्ये राजीव गांधींनी त्यांना अरुण सिंह आणि ऑस्कर फर्नांडिस यांच्याबरोबर संसदीय सचिव केलं. दिल्लीत या तिघांना 'अमर-अकबर-अँथनी' म्हणत.

१९८६ मध्ये ते गुजरात प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पक्ष तेव्हा शिखरावर होता. १९८५ च्या विधानसभेत काँग्रेसने १८२ पैकी १४९ जागा जिंकल्या होत्या आणि हा विक्रम थेट २०२२ मध्ये भाजपने १५६ जागा घेऊन मोडला. पण १९८९ ला पटेल स्वतः भरूचमध्ये हरले आणि १९९० ला काँग्रेस विधानसभेत ३३ वर आली. १९९३ पासून पुढे ते राज्यसभेत गेले, पाच वेळा. लोकांमधून निवडून येण्याचा रस्ता तिथे संपला.

दुसरा रस्ता उघडला २००१ मध्ये, सोनिया गांधींचे राजकीय सचिव म्हणून. पुढची सोळा वर्षं त्यांनी हे काम केलं. २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं पक्षाची केंद्रात सत्ता होती, पण पटेल मंत्रिमंडळात गेले नाहीत. मित्रपक्षांशी बोलणी, राज्यातले मुख्यमंत्री बदलण्याआधीची चाचपणी, नाराजांची समजूत, तिकिटांची भांडणं, सगळं त्यांच्याकडे यायचं. नवी दिल्लीतल्या '२३, मदर तेरेसा क्रेसेंट' या बंगल्यावर भेटीगाठी रात्री उशिरापर्यंत चालत. पत्रकारांना ते भेटत, पण छापायला काही देत नसत.

आता इथे थोडं थांबूया, कारण 'पडद्यामागचा चाणक्य' या शब्दात आपण मराठी माध्यमं बरंच काही गुंडाळून टाकतो. मंत्र्याने निर्णय घेतला तर त्याला सभागृहात प्रश्न विचारता येतो, फाइल असते, माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो. राजकीय सचिवाच्या फोनची फाइल नसते. जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून मनमोहन सिंग सरकारने २७५ विरुद्ध २५६ असा विश्वासदर्शक ठराव जिंकला, त्या दिवशी भाजपच्या खासदारांनी लोकसभेत नोटांची बंडलं दाखवली आणि पटेलांचं नाव घेतलं. संसदीय समितीला त्यांच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही. २०२० मध्ये स्टर्लिंग बायोटेक प्रकरणात ईडीने त्यांची घरी जाऊन चौकशी केली, त्यांनी आरोप फेटाळले. माझा मुद्दा ते दोषी होते असा अजिबात नाही. एवढी सत्ता बिनपदाने वापरली गेली की संशय सिद्धही होत नाही आणि पुसलाही जात नाही, आणि त्याचा त्रास त्या माणसालाही होतो.

हे फक्त काँग्रेसचं नाही. भाजपमध्ये संघटन सरचिटणीस असतात, बहुतेक वेळा संघाचे प्रचारक, त्यांनाही मतदार निवडून देत नाहीत. महाराष्ट्रात भाजपचा पाया घालणाऱ्यांमध्ये वसंतराव भागवतांचं नाव जुने कार्यकर्ते आधी घेतात, पण बाहेर लोकांना ठाऊक आहेत ते प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे. फरक एवढाच की तिथे माणूस बदलला तरी खुर्ची आणि तिचं काम तसंच राहतं.

मॅनेजर आणि संघटक यात फरक काय?

पटेल लोकांना सांभाळण्यात तरबेज होते. कोण कशाने दुखावला आहे, कुणाला कुणामार्फत निरोप द्यायचा, कुणाचा फोन लगेच घ्यायचा, हे त्यांच्या डोक्यात होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण ते जवळून पाहिलं. राष्ट्रपती राजवट लागली त्याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, पटेल, मल्लिकार्जुन खर्गे आणि के. सी. वेणुगोपाल मुंबईत शरद पवारांना भेटायला आले. काँग्रेसचे आमदार होते ४४ (हा आकडा या गोष्टीची पाठच सोडत नाही, २०१४ च्या लोकसभेतही काँग्रेसचे खासदार ४४ च होते). शिवसेनेबरोबर बसायचं की नाही यावर दिल्लीत चलबिचल होती. २८ नोव्हेंबरला महाविकास आघाडीचं सरकार शपथ घेऊन मोकळं झालं.

पण सगळी माहिती एकाच सर्व्हरवर ठेवली की काय होतं, हे कुठलाही इंजिनिअर सांगेल. आमच्या भाषेत त्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. तालुक्यात कोण काम करतं, कुठला आमदार अस्वस्थ आहे, ही माहिती जिल्हा समितीतून वर यायला हवी, म्हणजे ती माणूस बदलला तरी टिकते. इथे ती ओळखीपाळखीतून एका माणसाकडे जात होती. दिल्लीत फोन करून काम होतंय म्हटल्यावर जिल्हाध्यक्षाचं ऐकायचं कशाला? दिल्लीत जितकी चोख व्यवस्था, तितकी खाली सुस्ती. गुजरातमध्ये ५७ पैकी मुख्य प्रतोदच निघून जातो आणि पक्षाला त्याचा आधी पत्ता लागत नाही, हे याचंच लक्षण. त्या रात्री पटेल वाचले ते संघटनेमुळे नाही. बंगळुरूचं रिसॉर्ट, निवडणूक नियम नीट माहीत असलेले वकील आणि एका कॅमेऱ्यामुळे वाचले.

त्यांनी पक्ष पोकळ केला असा आरोप करणारे आहेत. मला तो अन्यायाचा वाटतो. पक्षांतर्गत निवडणुका घ्यायच्या की नाहीत, जिल्हाध्यक्ष वरून नेमायचे की खालून निवडायचे, हे ठरवणं सचिवाच्या हातात नव्हतं. पक्षाने जी व्यवस्था ठेवली, ती त्यांनी चालवली, आणि इतकी छान चालवली की ती दुरुस्त करायची गरज बरीच वर्षं कुणाला जाणवली नाही.

जाणवली ती २०२० मध्ये. मार्चमध्ये ज्योतिरादित्य शिंदे गेले आणि मध्य प्रदेशचं सरकार पडलं. ऑगस्टमध्ये सचिन पायलट परत आले, त्यांच्या तक्रारी ऐकायला नेमलेल्या तिघांच्या समितीत पटेल होते. त्याच महिन्यात २३ नेत्यांनी सोनिया गांधींना लिहिलेलं पत्र बाहेर आलं. पूर्णवेळ, लोकांना दिसणारं नेतृत्व द्या आणि पक्षात निवडणुका घ्या, अशी मागणी होती. ज्या तक्रारी एरवी रात्री त्या बंगल्यावर ऐकून मिटवल्या जायच्या, त्या आता कागदावर सह्यांनिशी आल्या होत्या. तेव्हा पटेल पक्षाचे कोषाध्यक्ष होते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांना कोरोना झाल्याचं कळलं. २५ नोव्हेंबर २०२० च्या पहाटे गुरुग्रामच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं, वय ७१. पिरामणमध्ये आई-वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचं दफन झालं.

दोन वर्षांनी गुजरात विधानसभेत काँग्रेस १७ वर आली. भरूच लोकसभा १९८९ पासून भाजपकडे आहे, पटेल दिल्लीत सर्वांत ताकदवान होते त्या वर्षांतही ती परत आली नाही. २०२४ मध्ये आघाडीच्या जागावाटपात ती आम आदमी पक्षाला गेली आणि भाजपच्या मनसुख वसावांनी ती पुन्हा जिंकली. त्या निवडणुकीत भरूचच्या मतदान यंत्रावर हाताचा पंजा हे चिन्हच नव्हतं.