जट : देवीचा कौल नव्हे, चिकित्सेचा विषय
जट आलेल्या स्त्रीला वैद्यापुढे आणण्याऐवजी देवापुढे नेले जाते, हे आमच्या मलकापूर-कऱ्हाड परिसरासही नवे नाही. न विंचरलेले केस गुंतून आवळतात, एवढेच; त्यात यल्लमाचा कौल नसतो. गुंता ताजा असल्यास आधी धुऊ नये, पाण्याने तो घट्ट होतो. खोबरेल मुरवून बोटांनी टोकांकडून सोडवावा, मग शिकेकाई. पाणी कढत नको. वाग्भटाने शिरावर उष्णोदक वर्ज्यच सांगितले आहे. जुनी जट मात्र कापावीच. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्या हे काम चिकाटीने करीत आल्या आहेत. वैद्यांनी मौन धरावे आणि औषधविक्रेत्या बंधूंनी केवळ तेलाची बाटली पुढे करावी, हे आम्हांस मान्य नाही. जट उतरल्यावर टाळूवरील कंडू, व्रण, उवा यांची चिकित्सा आपल्याच दारी व्हावयास हवी.