बाप नको, बाइट दाखवा

मंडळी, विषय बघून काहीजण म्हणतील, जन्म गेला समास सोडवण्यात आणि आता बाईंना हे काय सुचलं? पण भांडण भाषेचं आहे आणि वारशाचं आहे. मग मराठीच्या निवृत्त शिक्षिकेने त्यात तोंड घातलं तर बिघडलं कुठे?

आधी थोडी ओळख करून देते. गेमबॉय हे निन्टेन्डो कंपनीचं हातात धरून खेळायचं यंत्र 1989 साली जपानमध्ये आलं. कामाला मेमरी जेमतेम 8 किलोबाइट! तरी त्याच्यासाठी आजही हौसेने नवे खेळ लिहिणारे लोक जगभर आहेत. आमचा नातू त्यातलाच एक. तो माणसाला वाचता येतील अशा आज्ञा लिहितो, यंत्राला मात्र नुसते आकडे कळतात. मधला दुभाषा म्हणजे असेंब्लर. तुम्ही 'हॉल्ट' लिहा, तो हेक्स मोजणीत 76 लिहितो. तुम्ही 'नॉप' लिहा, तो 00 लिहितो. नॉप म्हणजे 'काही करू नकोस'. हे आकडे म्हणजेच बाइट.

आता या दुभाष्याची वंशावळ बघा. 1996 साली कार्स्टन सोरेन्सन यांनी काम सुरू केलं आणि 1997 मध्ये ते 'एएसमोटर' नावाने बाहेर आणलं. 1999 मध्ये जस्टिन लॉईड यांनी त्यातून गेमबॉयपुरती आवृत्ती काढली, ती 'आरजीबीडीएस'. 2009 मध्ये व्हेगार्ड नोसुम यांनी ती लिनक्सच्या वळणावर नेली. 2010 मध्ये अँथनी बेंटली यांनी नोसुमांच्या प्रतीला फाटा फोडला (याला ते लोक फोर्क म्हणतात), आणि पुढे तोच फाटा आरजीबीडीएसची प्रमाण प्रत ठरला. 2020 पासून ती जीबीडेव्ह या मंडळींकडे आहे. आणि मूळचे सोरेन्सन? त्यांनीही आपलं एएसमोटर पुढे नेलं.

म्हणजे घर एक, चुली दोन.

आमच्या एका जावईबापूंचं (ते याच क्षेत्रातले, हुद्द्याने मोठे) म्हणणं असं की मूळ लेखकाची ती खरी प्रत, बाकी सगळे दत्तक. शिवाय एकच काम दोघांनी करणं म्हणजे शक्तीचा अपव्यय. आपली नेहमीची भाऊबंदकी, दुसरं काय!

जावईबापू, रागावू नका, पण हे मला मुळीच पटत नाही.

पहिलं म्हणजे, काम एकच नाही. एएसमोटर 68000, 6502, झेड80 अशा कितीतरी प्रोसेसरांसाठी भाषांतर करतं. आरजीबीडीएसने एक गेमबॉय धरला आणि त्यातच खोल उतरलं. एक भाऊ दहा पिकं घेतो, दुसरा नुसता ऊस लावतो. याला वाटणी म्हणतात, भाऊबंदकी नव्हे.

दुसरं, 2009 मध्ये नोसुमांनी ती प्रत हातात घेतली नसती, तर लिनक्सवाल्यांनी कोणाच्या दाराशी उभं राहायचं होतं? आणि इथे चोरी कसली? 2018 पासून आरजीबीडीएस एमआयटी परवान्याखाली आहे. घ्या, बदला, विका, पण लेखकाच्या हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर पुसायचा नाही. वर दिलेली वंशावळ आरजीबीडीएसवाले स्वतःच तारखांसकट देतात. पूर्वजांची नावं इतक्या नेटकेपणाने लावणारे दत्तक मी तरी फार पाहिले नाहीत.

पण याचा अर्थ फाटा फोडणाऱ्याने वाटेल ते करावं असाही नाही. 'सोर्स मोकळा आहे, आम्ही व्याकरण बदलू, तुम्ही तुमचं बघा' असं म्हणणारी तरुण मंडळी आहेत, त्यांच्याशीही माझं भांडण आहे.

एक उदाहरण देते. गेमबॉयच्या प्रोसेसरला एक खोड आहे. ठरावीक परिस्थितीत 'हॉल्ट'नंतरचा बाइट तो दोनदा वाचतो. म्हणून आरजीबीडीएस पूर्वी प्रत्येक हॉल्टमागे आपणहून एक नॉप घालायचा. रिकामी आज्ञा दोनदा वाचली तरी काही बिघडत नाही. पुढे ही सवय काढून टाकली. ते योग्यच झालं, दुभाष्याने पदरचं घालू नये. पण मग जुना खेळ नव्या असेंब्लरमधून तसाच काढला तर? प्रत्येक हॉल्टमागे एक बाइट गळतो, पुढचा मजकूर एक घर सरकतो आणि जे संरक्षण होतं तेही जातं. आरजीबीडीएसवाल्यांचं कौतुक हे की त्यांनी आधी इशारा देणं सुरू केलं, मग बदल केला, आणि जुन्या आवृत्त्याही उतरवून घ्यायला ठेवल्या.

1962 साली मराठीतले अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा मी शाळेत होते. आजही 'घरें', 'दारें' छापलेलं जुनं पुस्तक मी सहज वाचते, कारण माणूस सांभाळून घेतो. यंत्र सांभाळून घेत नाही! आणि ज्यांनी ते जुने खेळ लिहिले त्यातले कित्येक आता ते दुरुस्त करायला येणार नाहीत. कोणी विसरलं, कोणी जगातून गेलं. त्यांचा मजकूर उद्या उघडेल की नाही, हे दुभाषा सांभाळणाऱ्याच्या हातात आहे. मुळाशी प्रश्न हा आहे. कोण थोरल्या घरचा आणि कोण धाकट्या, हा नाही.

मग खरा फाटा ओळखायचा कसा? पोकेमॉन रेड या खेळाची इंग्रजी आवृत्ती 1998 साली अमेरिकेत आली. हौशी लोकांनी ती उलगडून पुन्हा आज्ञांच्या रूपात लिहून काढली आहे. आरजीबीडीएसमधून तिची फाइल बनवली की 10,48,576 बाइट मूळ खेळाशी जुळले का, हे 40 चिन्हांच्या एका ठशावरून तपासतात. एक बाइट चुकला तरी ठसा बदलतो. असेंब्लरची कुठली आवृत्ती वापरायची तेही लिहून ठेवलेलं असतं. असा निकाल मला आवडतो. इथे वशिला चालत नाही आणि घराणंही चालत नाही.

आपल्याकडे म्हणतात, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. या भांडणात मी म्हणेन, बाप राहू द्या, बाइट दाखवा. जुना मजकूर जसाच्या तसा उतरवून दाखवा. बदल करायचा असेल तर आधी चार दिवस ओरडून सांगा, जुनी प्रत जपून ठेवा आणि पूर्वजांची नावं पुसू नका. एवढं करणारे दहा फाटे फुटले तरी माझी ना नाही. आणि एवढं न करणारा खुद्द मूळ पुरुष असला, तरी त्याच्या हाती मी नातवाची वही देणार नाही.

जावईबापू, तुमच्या उत्तराची वाट बघते आहे. लेखी द्या, म्हणजे शुद्धलेखनही तपासून देईन.